उत्तरायण लागलं, पण संक्रांत व्हायचीय

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नात्यातल्या एका घरी सत्यनारायण होता. गुरुजींनी संकल्प सोडायला घेतला. शक झाला, संवत्सर झालं, मग आलं अयन. "दक्षिणायने" असं स्पष्ट म्हणून ते पुढे ऋतूवर गेले. मी शेजारीच मांडी घालून बसलो होतो, पण पूजा चालू असताना तोंड उघडायची सोय नव्हती. प्रसादाच्या वेळी मात्र राहवलं नाही. विचारलं, "गुरुजी, उत्तरायण डिसेंबरातच लागलं ना हो?" गुरुजींनी द्रोणातला शिरा संपवला, हात पुसला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "लागलं हो. पण संक्रांत व्हायचीय."

त्या उत्तरात लपवाछपवी नव्हती. गुरुजींना दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या आणि दोन्ही त्यांना मान्य होत्या. आपण सगळ्यांनीच हा प्रश्न असा सोडवून टाकला आहे: आकाशातलं एका खिशात, पंचांगातलं दुसऱ्या. शाळेत भूगोलाच्या पेपरात '२२ डिसेंबर' लिहायचं आणि तीनच आठवड्यांनी निबंधात 'मकर संक्रांतीला सूर्याचे उत्तरायण सुरू होते' असं लिहायचं. दोन्हीला पूर्ण गुण. मुलं हुशार असतात, त्यांना कळतं की कुठल्या मास्तरांना काय हवंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की संक्रांत जिथे आहे तिथे सुखाने राहू दे, पण उत्तरायणाचा दिवस तिच्या पदराखालून बाहेर काढा. तो स्वतंत्र दिवस आहे, तो आपल्याकडे साजरा होत नाही, आणि तो साजरा करायची आपली स्वतःचीच रीत आपण विसरलो आहोत.

आधी हिशेब. पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभर आपल्याला उत्तर-दक्षिण येरझाऱ्या घालताना दिसतो. २०२४ साली तो दक्षिणेच्या टोकाला पोचला २१ डिसेंबरला दुपारी २ वाजून ५० मिनिटांनी. २०२५ साली २१ डिसेंबरलाच, रात्री ८ वाजून ३३ मिनिटांनी. २०२६ साली हाच क्षण २२ डिसेंबरच्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी येतो. तिथून तो उत्तरेकडे वळतो, दिनमान वाढू लागतं. यात श्रद्धेचा किंवा मताचा काही भाग नाही.

संक्रांत ही वेगळी गोष्ट आहे. ती सूर्याचा मकर राशीतला प्रवेश आहे, आणि आपल्या प्रचलित पंचांगांत राशी मोजतात ताऱ्यांच्या संदर्भाने, म्हणजे निरयन पद्धतीने. ऋतू मात्र ताऱ्यांना विचारून येत नाहीत. एका ऋतुचक्राला, म्हणजे सायन वर्षाला, ३६५.२४२२ दिवस लागतात. ताऱ्यांच्या संदर्भाने एक फेरी पुरी व्हायला ३६५.२५६४ दिवस. फरक वीस मिनिटांचा. वीस मिनिटं म्हणजे काय, एकदा चहा होतो. पण हा चहा दरवर्षी होत राहिला की साधारण ७१ वर्षांनी एक अख्खा दिवस साठतो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, चित्रा ताऱ्याच्या आधाराने राशी मोजणाऱ्या चित्रापक्षाच्या गणिताने २८५ च्या सुमारास, उत्तरायण आणि मकर संक्रमण एकाच दिवशी होत असे. तेव्हापासून साठत साठत आज हा फरक जवळजवळ चोवीस दिवसांवर आला आहे.

हे साठणं किती चोरपावलांनी होतं याचं एक उदाहरण आपल्या काळजाजवळचं आहे. पानिपतचं तिसरं युद्ध झालं १४ जानेवारी १७६१ला, बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीला. १४ जानेवारी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तिळगूळ येतो, त्यामुळे 'ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली' हे वाक्य व्याख्यानांतून, लेखांतून, आता मोबाइलवरच्या संदेशांतून दरवर्षी फिरतं. ऐकायला फार परिणामकारक. पण १७६१ साली संक्रांत १४ जानेवारीला नव्हतीच. ती होऊन चार दिवस झाले होते, ती आली होती १० जानेवारीच्या सुमारास. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशीचा, आणि ती तारीख आहे १२ जानेवारी १८६३. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. असंच चालू राहिलं तर आणखी बाराशे वर्षांनी फेब्रुवारीत हळदीकुंकू करावं लागेल. आपण हयात नसू, पण गणित असेल.

आता कुणी म्हणेल, हे सगळं नव्याने सांगताय जसं काही. अजिबात नाही. या प्रश्नावर महाराष्ट्रात जेवढी शाई सांडली तेवढी देशात क्वचितच कुठे सांडली असेल. केरो लक्ष्मण छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वेधांशी जुळणारं गणित पंचांगात आणायला सुरुवात केली. शंकर बाळकृष्ण दीक्षित, विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक या मंडळींनी तर थेट सायन पंचांगाचा पुरस्कार केला, म्हणजे ऋतूंशी घट्ट बांधलेलं पंचांग. दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६चा ग्रंथ आजही उघडून बसावं असा आहे. एक शिक्षक माणूस शाळा सांभाळून असलं काम करतो हे वाचताना आपण काय करतो असा प्रश्न पडतो, पण तो वेगळा विषय.

मग लोकमान्य. १९०४ साली मुंबईत ज्योतिष परिषद भरली त्यामागे टिळक होते. गणित नवं घ्यायचं, पण राशीचक्र ताऱ्यांनाच बांधायचं, हा त्यांचा आग्रह. बांधायचं कुठल्या ताऱ्याला, यावर जो वाद माजला त्याला अयनांशवाद म्हणतात. अयनांश म्हणजे ऋतूंशी बांधलेलं आणि ताऱ्यांशी बांधलेलं अशा दोन राशीचक्रांतलं अंतर, अंशांत मोजलेलं. टिळक रेवतीच्या बाजूचे, व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या बाजूचे. दोन्ही पक्षांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणून संक्रांतीत चार दिवसांचा. यातली गंमत अशी की संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो ती जागा, ताऱ्यांमधून सरकत जातो हे टिळकांइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याच सरकण्याच्या आधारावर त्यांनी १८९३च्या 'ओरायन'मध्ये वेदांचा काळ काढला होता.

याचा परिणाम आजही घरोघरी आहे. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होते, बाकीच्यांकडे १४-१५ला. एखाद्या वर्षी अधिक महिन्याचा घोळ झाला की त्यांचे गणपतीही महिनाभर आधी येऊन जातात. म्हणजे एकाच राज्यात, कधी एकाच आळीत, दोन संक्रांती शंभर वर्षं शेजारी शेजारी नांदताहेत. कुणाचं काही बिघडलं नाही. फार तर सुनेला दोनदा हळदीकुंकवाला जावं लागतं. पण गंमत पाहा, दोन्ही घरांत त्या दिवशी म्हणतात तेच: आजपासून उत्तरायण. म्हणजे सूर्य एकदा डिसेंबरात वळला, एकदा दहाला वळला, एकदा चौदाला वळला.

स्वातंत्र्यानंतर सरकारने यात हात घातला. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्यात नागपूरचे के. ल. दप्तरी होते, 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते, सचिव होते निर्मलचंद्र लाहिरी. १९५५च्या अहवालात समितीने साफ सांगितलं की निरयन गणनेमुळे आपले सण ऋतूंपासून तेवीस दिवस घसरले आहेत. तिच्याच शिफारशीवरून २२ मार्च १९५७ला, १ चैत्र १८७९ या दिवशी, राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू झाली. ही दिनदर्शिका पूर्ण सायन आहे. तिच्यात पौषाची पहिली तारीख येते नेमकी २२ डिसेंबरला. भारताच्या राजपत्रावर ही तारीख छापतात. म्हणजे आपल्या राष्ट्राच्या अधिकृत कालगणनेत उत्तरायणाला महिन्याच्या पहिल्या दिवसाचा मान आहे, आणि हे शंभरातल्या पाच जणांनाही सांगता येणार नाही.

धार्मिक पंचांगांसाठी समितीने मधली वाट सुचवली होती. अयनांश २३ अंश १५ कलांवर कायमचा थांबवायचा. झाली ती घसरण पोटात घालायची, पुढची रोखायची. मला ही सूचना फार समंजस वाटते. त्यामुळे कुणाचीही संक्रांत हलली नसती, फक्त ती यापुढे जाणं थांबलं असतं. पंचांगकर्त्यांनी ती मनावर घेतली नाही. सरकारनेही पाठपुरावा केला नाही, आणि सणावारांत सरकारने किती शिरावं याला मर्यादा असतेच.

मग आता काय, संक्रांत डिसेंबरात आणायची? तसं म्हणणारे लोक आहेत. सायन पंचांगाचे कट्टर पुरस्कर्ते २२ डिसेंबरलाच तिळगूळ वाटतात आणि १४ जानेवारीवाल्यांना अज्ञानी ठरवतात. त्यांचं गणित बरोबर आहे, पण सण म्हणजे काय ते त्यांना कळलेलं नाही असं मला वाटतं. सुगडात भरायचा ओला हरभरा, ऊस, बोरं, गाजर, भोगीच्या भाजीतला पावटा हे सगळं जानेवारीतल्या शेतातून येतं. नव्या सुनेचे हलव्याचे दागिने, बाळाचं बोरन्हाण, काळी साडी, वर्षभर न बोललेल्या जावेच्या हातावर तिळगूळ ठेवून पुन्हा बोलायला लागणं, यातल्या कशालाही सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्याची गरज नाही. संक्रांत एकदा उत्तरायणाच्या बोटाला धरून आली असेल, पण आता ती स्वतःच्या पायावर उभी आहे. तिला ओढून तीन आठवडे मागे नेणं म्हणजे माणसाला त्याच्या पत्रिकेतल्या जन्मवेळेप्रमाणे वागायला लावणं.

सायनवाद्यांचा एक मुद्दा मात्र मी सहज उडवून लावणार नाही, कारण तो पावसाचा आहे. आपला शेतकरी सूर्यनक्षत्रांवर पाऊस मोजतो: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, हस्त. सूर्य मृगात जातो ७-८ जूनला, आणि मोसमी पाऊस मुंबईत पोचायची सर्वसाधारण तारीख आहे ११ जून. मृगाचा पाऊस आणि पेरणी ही जोडी आपल्याला सनातन वाटते. पण मृग नक्षत्रही निरयनच आहे, तेही ७१ वर्षांना एक दिवस याप्रमाणे सरकतंय. दीड हजार वर्षांपूर्वी, आजच्या तारखांच्या हिशेबाने, सूर्य मृगात जात होता मेच्या मध्यावर, भर उन्हात. आणखी हजार वर्षांनी जाईल २१-२२ जूनला. म्हणजे मृगाला पेरणी ही आपल्या या काही शतकांपुरती जमून आलेली गाठ आहे. ज्या कुणी ती पहिल्यांदा बांधली त्याने आभाळाकडे आणि मातीकडे बघून बांधली होती, पाठांतर करून नाही. मला धास्ती वाटते ती घसरणीची नाही. घसरण फार हळू आहे, शेतकरी ती पिढ्यापिढ्यांत आपोआप पचवतो. धास्ती वाटते ती बघणं सुटल्याची.

आता या विषयावर तोंड उघडलं की पहिला टोला बसतो तो असा: हे २२ डिसेंबरचं खूळ पाश्चात्त्यांचं, नाताळच्या आठवड्यातलं, आमच्या परंपरेत उत्तरायण म्हणजे संक्रांतच. हे म्हणणाऱ्यांनी परंपरा वाचलेली नाही असं मला नाइलाजाने म्हणावं लागतं.

वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथात उत्तरायणाचा आरंभ सांगितलाय धनिष्ठा नक्षत्राच्या सुरुवातीला. मकराचं नावही नाही, राशी तेव्हा आपल्याकडे नव्हत्याच. त्या ग्रंथात दिनमान कसं वाढतं तेही सांगितलंय, पाण्याच्या मापाने: उत्तरायणात रोज एक प्रस्थ पाणी जास्त, आणि पूर्ण अयनात सहा मुहूर्तांची वाढ. (सहा मुहूर्त म्हणजे ४ तास ४८ मिनिटं. एवढा फरक आपल्याकडे पडत नाही, मुंबईत सव्वादोन तासांच्या आसपास पडतो. तो आकडा बराच उत्तरेकडचा आहे.)

त्यानंतर सहाव्या शतकात वराहमिहिर येतो. 'बृहत्संहिते'च्या आदित्यचाराच्या अध्यायात तो जे लिहितो ते प्रत्येक पंचांगाच्या पहिल्या पानावर छापावं अशा योग्यतेचं आहे. तो म्हणतो, आश्लेषाच्या मध्यापासून दक्षिणायन आणि धनिष्ठेच्या आरंभापासून उत्तरायण असं पूर्वी कधीतरी खरंच होत असलं पाहिजे, कारण जुन्या शास्त्रांत तसं सांगितलंय. सध्या मात्र सूर्याचं एक अयन कर्काच्या आरंभी लागतं आणि दुसरं मकराच्या आरंभी. सांगितलंय त्याहून वेगळं दिसलं, तर प्रत्यक्ष परीक्षा करून खात्री करावी. आणि तो तिथे थांबत नाही, परीक्षा कशी करायची तेही लगेच पुढच्या श्लोकात देतो: उगवताना किंवा मावळताना दूरच्या एखाद्या खुणेशी सूर्याचा वेध घ्या, नाहीतर मोठं वर्तुळ आखून शंकूची, म्हणजे उभ्या रोवलेल्या काठीची, सावली त्यात कुठे शिरते, कुठून बाहेर पडते त्याच्या खुणा करा.

किती सभ्य माणूस! पूर्वजांना खोटं ठरवत नाही. त्यांच्या काळी तसं असणार, असं म्हणतो. स्वतःचंही शेवटचं म्हणत नाही, 'सध्या' म्हणतो. आणि वाचणाऱ्याच्या हातात काठी देतो. आपण काय केलं? ती काठी ठेवून दिली आणि त्याचं 'सध्या' तेवढं लोणच्यासारखं बरणीत मुरत ठेवलं, दीड हजार वर्षं. मकराच्या आरंभी उत्तरायण, हे वाक्य आपण त्याच्याकडून घेतलं, पण त्याला जोडून आलेली अट घेतली नाही. परंपरा पाळायचीच असेल तर वराहमिहिराची पाळावी, आणि त्याच्या परंपरेत उत्तरायण सावलीवर ठरतं.

मी गेली काही वर्षं ही काठी घेऊन पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर जातो. काठी म्हणजे पडद्याची जुनी दांडी, बरोबर एक मीटरवर कापलेली, मातीने भरलेल्या कुंडीत रोवलेली. ती सरळ उभी आहे का ते बघायला दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा. डिसेंबरात पुण्याची खरी माध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही, साडेबाराच्या अलीकडे-पलीकडे होते. म्हणून सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत जायचं आणि सगळ्यांत आखूड सावली ती त्या दिवसाची धरायची. पहिल्या वर्षी खडूने खुणा केल्या, त्या दुसऱ्या दिवशी गच्ची झाडणाऱ्या बाईंनी स्वच्छ पुसून टाकल्या. आता खिळ्याने रेघ मारतो. सोसायटीला अजून कळलेलं नाही.

पहिल्या वर्षी मी बावीस तारखेची सावली पकडायला गेलो आणि फजिती झाली. आपली कल्पना अशी असते की त्या दिवशी काहीतरी होईल. काहीच होत नाही. २० तारखेची सावली, २२ची, २४ची, सगळ्या एकाच रेघेवर, नव्वद सेंटिमीटरच्या आसपास. त्यातून सावलीची कड धूसर, सेंटिमीटरभर तर नुसतीच पुसट. सूर्य टोकाला जाऊन थबकतो. रोजचा फरक मिलिमीटरच्याही आत असतो, तो डोळ्याला दिसणं शक्य नाही. मग लक्षात आलं की त्या दिवशी बघून तो दिवस सापडतच नाही. आधी बघायचं आणि नंतर बघायचं. पुढच्या वर्षी ८ डिसेंबरला रेघ मारली, अठ्ठ्याऐंशीच्या जरा अलीकडे. सावली तिथून पुढे गेली, दोन सेंटिमीटर वाढली, रेंगाळली, आणि परत फिरून त्याच रेघेवर आली ४ जानेवारीला. मधले दिवस सत्तावीस. निम्मे केले की २१-२२ डिसेंबर. दांडी, कुंडी आणि खिळा एवढ्यावर. ज्या आठवड्यात गुरुजी 'दक्षिणायने' म्हणाले, त्याच आठवड्यात गच्चीवरची सावली वळून घरी परतलेली होती.

लोकांच्या अनुभवाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असं आपल्या आज्या सांगत आल्या, आणि आज्या काही आंधळ्या नव्हत्या. मुंबईचा सूर्योदय पाहा. २२ डिसेंबरला तो ७ वाजून ७ मिनिटांच्या आसपास होतो आणि उत्तरायण लागूनही आणखी उशिरा उशिरा होत जातो. १४ जानेवारीला ७ वाजून १५ मिनिटं. तिथून कुठे तो परत फिरतो. सूर्यास्त मात्र नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच सगळ्यांत लवकर, सहाच्या ठोक्याला, होऊन गेलेला असतो. कारण सूर्याची माध्यान्ह या दिवसांत घड्याळाच्या मागे मागे पडत जाते, त्यामुळे दिवस वाढतो तो सगळा संध्याकाळच्या बाजूला. म्हणजे जो माणूस पहाटे उठून आडावर जातो, गोठ्यात जातो, त्याच्या दृष्टीने अंधार हटायला लागतो तो खरोखर संक्रांतीपासूनच. उत्तरायण लागून चोवीस दिवस झाले तरी एकूण दिनमान वाढलेलं असतं जेमतेम सहा-सात मिनिटांनी. तीळच ते. त्यानंतर ते भराभर वाढतं. तेव्हा 'संक्रांतीपासून पहाट लवकर व्हायला लागते' असं म्हणा, मी टाळ्या वाजवीन. उत्तरायणाचं नाव मात्र त्याला देऊ नका.

मग हा दिवस साजरा कसा करायचा? नवा सण काढायला मी सांगत नाही, सण आपल्याला कमी नाहीत. २२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, २०१२पासून तो राष्ट्रीय गणित दिन म्हणून शाळाशाळांत होतो. फोटोला हार, दोन भाषणं, भित्तिपत्रक, एखादी प्रश्नमंजूषा. त्याच दिवशी, त्याच मैदानात, त्याच मुलांनी एक काठी रोवली तर गणित दिन म्हणजे काय ते त्यांना भाषणाशिवाय कळेल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक रेघ, बावीसला एक, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एक, आणि मग संक्रांतीच्या दिवशी. सहावीतल्या मुलाला निम्मे करता येतात. शून्य सावलीचा दिवस गेल्या काही वर्षांत शाळांतून बऱ्यापैकी रुळला, तोही मेच्या सुट्टीत येत असून. पुण्या-मुंबईत तो येतो मेच्या मध्यावर. सावली नाहीशी होणं हे नाट्यमय असतं हे खरं, वर्षातली सगळ्यांत लांब सावली तशी नाही. पण डिसेंबरात शाळा चालू असते, आभाळ निरभ्र असतं, ऊन सोसवतं. वेध घ्यायला याहून चांगला महिना नाही.

जूनच्या टोकाचं बघा. २१ जूनला योग दिन ठेवला तो वर्षातला मोठा दिवस म्हणूनच, संयुक्त राष्ट्रांत तसं सांगून. एका अयनाला जागतिक मान मिळवून दिला आणि दुसऱ्याला, ज्याची वाट बघत भीष्म शरपंजरी पडून राहिला, त्याला आपल्याकडे साधी ओळखही नाही.

पंचांगवाल्यांकडे माझं मागणं किरकोळ आहे. माझ्या हातातल्या पंचांगात डिसेंबरच्या पानावर 'उत्तरायणारंभ' छापलेलं आहे. तेही 'सौर पौष मासारंभ'च्या शेजारी, मुंगीच्या अक्षरांत, दिनमानाच्या रकान्याजवळ, जिथे शुभ-अशुभ शोधणाऱ्याची नजर जात नाही. म्हणजे करणाऱ्याला सगळं ठाऊक आहे. ते अक्षर जरा मोठं करावं. आणि संक्रांतीच्या पानावर संक्रांत यंदा कशावर बसून आली, कुठल्या रंगाचं नेसली, कुठल्या दिशेला बघते, म्हणून कुणी काय नेसू नये, याला जेवढी जागा देता त्यातल्या एका ओळीत लिहावं: उत्तरायण २२ डिसेंबरला लागलं. वाहिन्यांना सांगण्यात अर्थ नाही. दरवर्षी संक्रांतीच्या आधी कुठल्या तरी रंगाच्या बांगड्यांची अफवा उठते आणि बायका बिचाऱ्या त्या बदलत बसतात. त्या गोंगाटात सावलीची बातमी कोण देणार.

आणि गुरुजींना? त्यांना मी काही सांगणार नाही. पुढच्या जानेवारीत जमलं तर गच्चीवर घेऊन जाईन.

गेल्या संक्रांतीला दुपारी दांडी रोवून बसलो होतो. सावली बावीस डिसेंबरच्या रेघेपासून सहा सेंटिमीटर आत आलेली. शेजारच्या काकू वाळत घातलेली चादर काढायला वर आल्या, हातात तिळगुळाची वाटी होतीच.

"हे काय मांडलंयस रे?"

"उत्तरायण आहे, काकू. ही रेघ बावीस डिसेंबरची."

त्यांनी रेघ बघितली, सावलीचं टोक बघितलं, मधली मोकळी फरशी बघितली. "मग आज काय?"

"आज संक्रांत."

"हं," म्हणाल्या, आणि सावलीवर पाय पडू नये असा वळसा घालून त्यांनी वाटी पुढे केली.